विहिरीतला ज्वालामुखी

श्रोतेहो, मे महिन्यात यवतमाळचा माणूस पहाटे चारला उठतो तो पाणी भरायला, नाहीतर उन्हाच्या आधी वावरातले काम उरकायला. सूर्य पाहायला तो मुळीच उठत नाही. सूर्याचे दर्शन आपल्याकडे उन्हाळ्यात नको इतके होते. अशा गावात ज्याचे पासष्ट उन्हाळे गेले, त्या माणसाला कोणी म्हणाले, की चला, रात्री तीनला निघू, अंधारात डोंगर चढू आणि सूर्य उगवताना पाहू, तर तो काय म्हणेल? मी नाहीच म्हणालो होतो. पण लेक आणि जावई मोठ्या हौसेने मॉरिशसला घेऊन गेले होते, नातवंडे जोडे घालून तयार होती, आणि आजोबांनी हॉटेलात झोपून राहावे हे त्यांना मंजूर नव्हते.

आम्ही गेलो त्या डोंगराचे नाव ‘ल पूस’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ आंगठा. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशी हा डोंगर उभा आहे आणि त्याचे टोक खरोखरच मुठीतून वर काढलेल्या आंगठ्यासारखे दिसते. उंची ८१२ मीटर. आपल्या सह्याद्रीतल्या गडांपुढे ती काही फार नाही. उसाच्या फडाशेजारून वाट निघते, मग पेरूच्या जातीची खुरटी झुडपे लागतात आणि शेवटी हात टेकत, खडकाला धरून चढावे लागते. मे महिन्यात तिकडे हिवाळा तोंडावर असतो. वर बोचरा वारा होता. आंगठ्याच्या बुडाशी पोचलो तेव्हा पूर्वेला नुकते फटफटत होते.

ज्वालामुखीच्या माथ्यावरून सूर्योदय पाहणे हा आता जगभरच्या पर्यटनाचा एक विधीच झाला आहे. हवाई बेटांत हालेआकाला नावाचा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्या नावाचा अर्थच ‘सूर्याचे घर’. तिथे सूर्योदयाला इतकी गर्दी होऊ लागली, की २०१७ पासून पहाटेच्या मोटारींसाठी आधी नोंदणी करावी लागते. जावामध्ये ब्रोमोच्या परिसरात हेच, आणि मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटावरही हेच. तिथल्या सुमारे ३,०७० मीटर उंचीच्या पितों दे नेज शिखराखाली लोक रात्री मुक्काम करतात आणि अंधारातच वर निघतात. आमचा ल पूस त्या मानाने लहान भाऊ. तो अख्खा ज्वालामुखीही नव्हे. एका फार मोठ्या, झिजून गेलेल्या ज्वालामुखीचा तो उरलेला तुकडा आहे.

सूर्य समुद्रातून वर येण्याची सारे जण वाट पाहत होते. मी दम खात एका खडकाला हात लावून उभा होतो. उजेड वाढला तसा तो खडक दिसू लागला. काळा, बारीक कणांचा, मध्येच सुईच्या टोकाएवढी भोके असलेला. आणि मला एकदम माझ्या वडिलांची विहीर आठवली.

ही गोष्ट १९७३ च्या उन्हाळ्यातली. आमचे गाव दारव्हा तालुक्यात. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला होता. बाबांनी चार एकर कोरडवाहू वावरात विहीर खोदायला काढली. वरची काळी माती निघाली, मग मुरूम निघाला, मग जरा ठिसूळ दगड. सगळे खुशीत होते. तिसाव्या फुटाच्या पुढे काळा पाषाण लागला. पहार मारली की ठिणगी उडायची. खोदणारा म्हातारा वर आला आणि म्हणाला, ‘‘गोटा लागला जी. आता याच्यापुढं पैसा लागते.’’ सुरुंग लावायचे ठरले. आईच्या पाटल्या गेल्या. सत्तेचाळीस फुटांवर काम थांबले ते पैसा संपला म्हणून. विहिरीला पाणी नव्हतेच. कर्ज फेडायला माझा मोठा भाऊ शाळा सोडून सालदार म्हणून राहिला. मी धाकटा, म्हणून मी शिकलो आणि इतिहासाचा मास्तर झालो. बाबा त्या दगडाला आयुष्यभर शिव्या देत राहिले.

आता तोच दगड, हजारो किलोमीटरवर, समुद्रातल्या एका बेटाच्या टोकावर माझ्या हाताखाली होता. आणि हा योगायोग नव्हता. आज मला तुम्हाला सांगायचे आहे ते हेच: माझ्या वडिलांच्या विहिरीतला पाषाण आणि त्या बेटाचा आंगठा, या दोघांची जन्मकथा एक आहे. ती समजायला माणसाला दीडशे वर्षे लागली.

आपल्या पायाखालच्या या दगडाला शास्त्रात बेसाल्ट म्हणतात आणि त्याच्या थरांना ‘दख्खन ट्रॅप’. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला. डोंगराच्या उतारावर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून जिना. पुण्याकडच्या मुलखाची पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३३ मध्ये दख्खनच्या या खडकांचे वर्णन लंडनच्या विद्वानांपुढे ठेवले. पण आपल्या बाजूची, म्हणजे पूर्वेकडची गोष्ट आणखी रंजक आहे. मद्रास सैन्यातील एक डॉक्टर, जॉन माल्कमसन, हैदराबादहून नागपूरच्या वाटेने प्रवास करीत होता. पैनगंगेच्या पलीकडच्या, निर्मळच्या बाजूच्या डोंगरांत त्याला काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये शिंपल्या-गोगलगायींचे जीवाश्म सापडले. १८३७ मध्ये त्याने त्यांची माहिती लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीला दिली. या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या होत्या.

श्रोतेहो, एवढ्याशा गोगलगायीने काय सिद्ध केले ते पाहा. दोन थरांच्या मध्ये तळे असेल, तर खालचा थर आधी थंड झाला असला पाहिजे. त्याच्यावर पाऊस पडला, पाणी साचले, गवत उगवले, जीव नांदले. मग वरून पुन्हा अग्नीचा लोट आला आणि ते तळे झाकले गेले. म्हणजे हा अग्निप्रलय एकदाच झाला नाही. तो पुन्हा पुन्हा झाला आणि मधल्या काळात जमीन पुन्हा पुन्हा हिरवी झाली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आपण ओळखतो, त्यांनी १८५० च्या दशकात नागपूर परिसरातले असेच जीवाश्म गोळा केले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आपल्या वणीचा भाग येतो. त्या वेळी आपल्या जिल्ह्याचे नावच ‘वणी जिल्हा’ होते. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले.

वणीचे नाव इथे मुद्दाम घेतले. आपला जिल्हा या काळ्या दगडाच्या पूर्वेच्या काठावर आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. पूर्वेकडे ती कमी कमी होत येते. दारव्हा, दिग्रस, पुसदकडे सगळीकडे ट्रॅप आहे. वणी, मारेगाव, झरीकडे जावे तसा तो विरळ होतो आणि त्याच्याखालचे जुने जग उघडे पडते. वालुकाश्म, कोळसा, चुनखडी. एकाच जिल्ह्यात एका टोकाला कापूस आणि दुसऱ्या टोकाला कोळशाच्या खाणी का, याचे उत्तर कोणत्याही राजाच्या फर्मानात मिळणार नाही. ते लाव्हा जिथे थांबला त्या रेषेत आहे.

आज या खडकांचे वय मोजता येते. मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. भूवैज्ञानिक काळाच्या हिशेबात ते फार झपाट्याने, दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आटोपले. डायनोसॉर संपले तोही हाच काळ. मेक्सिकोजवळ आदळलेली उल्का आणि दख्खनचे उद्रेक, यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. झिजून झिजूनही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड उरला आहे. काही लोट तर वाहत वाहत पार राजमहेंद्रीपर्यंत, गोदावरीच्या मुखाकडे गेले.

मग प्रश्न असा, की एवढा लाव्हा ओतणारा ज्वालामुखी गेला कुठे? आपल्याकडे हालेआकालासारखे शिखर का नाही? पहिले उत्तर सोपे आहे. दख्खनचा लाव्हा बहुतांशी शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पातळ काकवीसारखा पसरला. आपले सपाट माथ्याचे डोंगर ही ज्वालामुखीची शिखरे नाहीत. थरांचे पठार पाण्याने कापत नेले, त्यातून उरलेले ते तुकडे आहेत. यवतमाळ शहर स्वतः अशाच पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास वसले आहे.

दुसरे उत्तर मात्र विसाव्या शतकात मिळाले. भूखंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडली तेव्हा लोक हसले. १९६३ मध्ये कॅनडाचे तुझो विल्सन यांनी हवाई बेटांची रांग पाहून म्हटले, की पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी उष्णतेचे स्थिर झरे असावेत, आणि त्यांच्यावरून जमिनीचे कवच सरकत जात असावे. चुलीवरून पापड सरकवत न्यावा आणि जिथे जिथे आच लागली तिथे तिथे फोड उठावेत, तशी बेटांची रांग तयार होते. अमेरिकेचे जेसन मॉर्गन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना पुढे नेली आणि दख्खनचा संबंध रियुनियन बेटाशी जोडला. त्यांचे म्हणणे असे, की दख्खनचे उद्रेक झाले तेव्हा आपला भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि ज्या झऱ्यावर आज रियुनियन आहे, त्याच झऱ्यावर तेव्हा आपण होतो.

याची परीक्षा १९८७ मध्ये झाली. खोल समुद्रात छिद्रे पाडणारे एक संशोधन जहाज हिंदी महासागरात फिरले. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दक्षिणेकडे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस अशी पाण्याखालची डोंगररांग आहे. तिच्या तळाचे दगड वर काढून वय मोजले. मालदीवजवळचा दगड सुमारे पावणेसहा कोटी वर्षांचा, चागोसजवळचा सुमारे पाच कोटींचा. आणखी दक्षिणेला तो तरुण होत गेला. मॉरिशसचे सर्वात जुने खडक साधारण नव्वद लाख वर्षांचे, आणि रियुनियनचा पाण्यावर दिसणारा भाग वीस लाखांच्या आसपास. भारत उत्तरेकडे निघून गेला आणि मागे समुद्रात पावलांचे ठसे राहिले. या सिद्धांतावर शंका घेणारे अभ्यासक आजही आहेत, पण बहुतेक भूवैज्ञानिक हीच संगती मानतात. तो झरा अजून विझलेला नाही. रियुनियनवरचा पितों दला फूर्नेज हा जगातल्या सर्वात जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. आपल्या घराची चूल विझली असे आपण समजतो. ती विझली नाही. आपण तिच्यावरून उठून दूर आलो.

आता नकाशावरची एक गंमत सांगतो. यवतमाळ विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २०.४ अंशांवर आहे. पोर्ट लुई दक्षिणेला सुमारे २०.२ अंशांवर. विषुववृत्ताचा आरसा धरला तर दोन्ही गावे एकमेकांसमोर येतील, थोडी तिरपी. दोघांचे सूर्य मात्र उलटे. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा.

ल पूसवर माझ्या आधी एक फार मोठा पाहुणा येऊन गेला होता. चार्ल्स डार्विन. त्यांचे ‘बीगल’ जहाज २९ एप्रिल १८३६ रोजी पोर्ट लुईला लागले आणि २ मे रोजी ते हा आंगठा चढले. बेटावरच्या एकुलत्या एक हत्तीवरही ते बसले. माथ्यावरून बेट पाहताना काठावरचे डोंगर त्यांना एका प्रचंड ज्वालामुखीच्या बुडाचे अवशेष वाटले. डार्विन यांनी आणखी एका गोष्टीची नोंद केली आहे. पोर्ट लुईत त्यांना हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेले कैदी दिसले. ते सरकारी बांधकामांवर राबत होते. डार्विन यांच्या अंदाजाने ते तेव्हा आठशेच्या घरात होते. त्यांच्या चेहऱ्यांचा रुबाब पाहून ते थक्क झाले. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून असे सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले. बेटाचे रस्ते ज्यांनी बांधले, त्यांत हे हात होते. दगड फोडणे त्यांच्या नशिबी होते, आणि तो दगड जन्मभूमीच्या दगडाचाच भाऊबंद आहे हे त्यांना कोण सांगणार?

कैद्यांच्या मागून गिरमिटिये आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्याच वर्षी तिथली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८४९ पासून ज्या धक्क्यावर ही माणसे उतरवली जात, तो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. जवळजवळ पाच लाख माणसे या वाटेने गेली. सर्वाधिक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, पण त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातले मराठी लोक होते. आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या आजही आहेत. त्याही काळ्या बेसाल्टच्या. मला तो ‘ट्रॅप’ शब्दाचा स्वीडिश अर्थ तिथे आठवला. जिना.

आमचा चालक याच लोकांचा वंशज होता. क्रिओल भाषेत बोलता बोलता मध्येच तो ‘‘बसा, पाणी पिया’’ म्हणायचा. शाळेत मराठी शिकला होता. गणेश चतुर्थीला त्याच्या देशात सरकारी सुट्टी असते, हे त्याने मला दोनदा सांगितले. ल पूसच्या पायथ्याशी मोका गावात १९७० मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था आहे. गिरमिटियांची जुनी दप्तरे तिथे जपली आहेत. नाव, बापाचे नाव, जात, उंची, अंगावरची खूण, गाव. त्याने आपल्या खापरपणजोबांची नक्कल तिथून आणली होती आणि ती प्लॅस्टिकमध्ये घालून गाडीत ठेवली होती. जिल्हा, रत्नागिरी. त्याला रत्नागिरी कुठे आहे हे ठाऊक नव्हते, आणि मी तिथून किती लांबचा हेही. मी त्याच्या वहीवर महाराष्ट्र काढून दाखवला. एका टोकाला रत्नागिरी, दुसऱ्या टोकाला यवतमाळ, मध्ये सगळा काळा दगड.

उतरताना त्याने उसाच्या फडात गाडी थांबवली. फडाच्या मध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते, काही घराएवढे. नांगर चालावा म्हणून जमिनीतले दगड हातांनी वेचून हे ढीग रचले. आधी गुलामांनी, नंतर गिरमिटियांनी. मी पाहत राहिलो, कारण आमच्या धुऱ्यावरही असेच ढीग आहेत. बाबांनी आणि भावाने वेचलेले. आपल्या डोंगराळ, बरड वावरांत दर वर्षी वखरणी झाली की दगड जणू उगवून वर येतात.

हा केवळ भावनेचा मामला नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला मँचेस्टरमध्ये भाव आला. ही काळी माती म्हणजे झिजलेला बेसाल्टच. पुढे याच कापसासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर चिमुकली ‘शकुंतला’ धावू लागली, जी आता थांबली आहे. त्याच काळात मॉरिशसच्या लाव्ह्याच्या मातीत ऊस पिकत होता आणि साखर जहाजाने जात होती. एकाच अग्नीतून झालेल्या दोन मुलखांवर एकच साम्राज्य बसले होते. एकीकडे कापूस, एकीकडे साखर, आणि दोन्हीकडे दगड वेचणारे हात.

पण मी पुढे गेलो. सूर्योदय राहिलाच. साडेसहाच्या सुमारास शेजारच्या पीटर बोथ डोंगराच्या माथ्यावरची ती भलीमोठी शिळा कडेने सोनेरी झाली आणि मग सूर्य वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातवंडांनी फोटो काढले. मी फोन काढून भावाला लावला. तिकडे तेव्हा सकाळचे आठ वाजले होते.

‘‘मास्तर, कुठं आहेस?’’

‘‘दादा, सूर्य उगवताना पाहून राहिलो.’’

‘‘आता? इकडं त ऊन डोक्यावर आलं. अंगाची लाही होऊन राहिली.’’

‘‘विहिरीत पाणी आहे?’’

‘‘हंडाभर.’’

मी त्याला दगडाविषयी काही सांगू शकलो नाही. वारा फार होता आणि दादाला काम होते.

इथे विहिरीची उरलेली गोष्ट सांगायला हवी. १९८१ मध्ये आमच्या शेजारच्या वावरात विहीर खोदली. तिथेही पाषाण लागला. पण त्यांच्याजवळ पैसा होता, ते थांबले नाहीत. बासष्ट फुटांवर पाषाण संपला आणि खाली मांजऱ्या लागला. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा बेसाल्ट. लाव्ह्याच्या लोटात वायूचे बुडबुडे वर चढतात आणि लोट थिजला की वरच्या भागात अडकून बसतात. म्हणून प्रत्येक लोटाचा माथा सच्छिद्र असतो आणि पोट टणक पाषाणाचे. टणक पाषाणात भेगा नसल्या तर पाणी नाही. त्याच्याखाली आदल्या लोटाचा झिजलेला माथा लागला, तर तिथे पाणी असण्याची आशा असते. मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो दोन उद्रेकांमधला विसावा. आमच्या विहिरीला पाणी मिळालेच असते, असे मी छातीठोक सांगणार नाही. दोन वावरांत थर सारखेच असतात असे नाही. पण बाबा थांबले ते पंधरा फूट आधी. ज्या गोष्टीची नोंद माल्कमसनने १८३७ मध्ये करून ठेवली होती, की हे थर एकावर एक आहेत आणि मध्ये वेगळे काही असते, ती गोष्ट माझ्या वडिलांपर्यंत १९७३ मध्येही पोचली नव्हती. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ मध्येच स्थापन झाली होती. आमच्या गावात तेव्हा तिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणून, श्रोतेहो, एक विनंती. आज विहिरीपेक्षा बोअर जास्त होतात. बोअरमधून दगड निघत नाही, भुकटी निघते. पण त्या भुकटीचाही रंग बदलतो. किती फुटांवर काळी, किती फुटांवर तांबडी, कुठे ओल लागली, एवढे एका वहीत लिहून ती ग्रामपंचायतीत ठेवली तर पाच-दहा वर्षांत गावाच्या पोटाचा नकाशा तयार होईल. पुढच्या माणसाच्या पाटल्या त्यामुळे वाचू शकतील.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या एका ठिकाणाची. वणी-पांढरकवडा भागात शिबला-पार्डी इथे काही वर्षांपूर्वी बेसाल्टचे खांब आढळल्याची बातमी आली. चंद्रपूरचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी त्याकडे लक्ष वेधले. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला तळ्याच्या वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात. त्या खोल जात राहिल्या की पाच-सहा कडांचे सरळ खांब तयार होतात. कोणा देवळाचे अवशेष वाटावेत इतके रेखीव. मुंबईत अंधेरीला असाच गिल्बर्ट हिल आहे. त्याचे पुष्कळ अंग दगडासाठी फोडले गेले, आणि आज तो इमारतींच्या गराड्यात एकटा उभा आहे. आपल्या खांबांचे तसे होऊ नये. लोक हजारो रुपये खर्चून ज्वालामुखीवर पहाट पाहायला जातात. आपल्या मुलांना त्याच ज्वालामुखीची पाने एसटीच्या तिकिटात पाहता येतील.

परत आल्यावर मी नातवंडांना गावी घेऊन गेलो. पहाटेच विहिरीवर पोचलो. सूर्य वर आला आणि ऊन विहिरीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर हळूहळू उतरू लागले. आधी काळी माती उजळली, मग पिवळसर मुरूम, मग ठिसूळ दगड. पोरे वाकून थर मोजत होती. मी त्यांना बेटाची गोष्ट सांगितली, लोटांची सांगितली, गोगलगायीची सांगितली. दादा काठी टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘‘मास्तर, एवढ्यासाठी विमानानं गेला होता का?’’

सगळे हसले. मग त्याने काठी पुढे करून खाली पाषाणाकडे दाखवली. ऊन अजून तिथवर पोचले नव्हते. पोरांना तो म्हणाला, ‘‘इथून खाली पंधरा फूट.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)